बिनकाठाच्या चादरी

समुद्राजवळचं ते हॉटेल पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, चादरी मागवणाऱ्या बाईंनी आम्हाला चुकून गोठ्याकडे आणलं.

जांभ्या दगडाच्या भिंती, त्यांना ना गिलावा ना चुना. वर गवताचं छप्पर. जमीन शेणानं सारवलेली. ओसरीतून एक काजूचं झाड सरळ वर गेलं होतं आणि त्याच्यासाठी छपरात भोक ठेवलं होतं, जसं काही झाड घरमालक आणि माणसं भाडेकरू. पंखा नाही, बल्ब नाही. खिडक्या मात्र एवढ्या मोठ्या की समुद्राचा वारा आत येऊन अंगातला सदरा फुगवत होता. अशा चार झोपड्या झाडांमध्ये लांब लांब उभ्या होत्या आणि बाकीच्यांचे नुसते पाये भरलेले होते. मी नागपूरहून मुंबई, मुंबईहून एस.टी., असा प्रवास करून डोक्यावर कापडाचं गाठोडं घेऊन तिथे उभा. मागे बायको.

ती माझ्या कानाशी लागली. "अवो, हे तं माह्या मायच्या घरावाणी हाये."

"चूप राय वं," मी म्हटलं. पण मनात मीही तेच म्हणत होतो. आमच्या गल्लीत घरात फरशी नसलेल्या माणसाकडे कोणी सोयरीक घेऊन येत नसे. मी माझ्या घरात शहाबादी फरशी बसवली तेव्हा आठवडाभर दार उघडं ठेवून बसलो होतो, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावी म्हणून. आणि इथे विमानानं येणारी माणसं शेणाच्या जमिनीवर उतरणार होती. मला माझ्या फरशीची लाज वाटली की त्या जमिनीची, हे काही केल्या ठरेना.

मी जातीचा विणकर. शाळा तिसरीपर्यंत. तिसरीत गुरुजींनी हातावर छडी मारली, ते वडिलांना दिसलं, आणि ते म्हणाले की ह्या हातानं धोटा फेकायचा आहे, तो कोणी मोडू नये. दुसऱ्या दिवसापासून मी मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसलो. नऊवारी लुगडी विणली, रेशमी काठाची. गांधीबागेतल्या दुकानात आमच्या घरचं लुगडं काठावर नुसतं बोट फिरवून ओळखत. हे मी मोठेपणानं सांगतो, कारण ते खरं आहे. पण माझा पोरगा कळमेश्वरच्या कारखान्यात लागला त्या सुमाराला लुगडी नेसणाऱ्या बायाच कमी झाल्या होत्या. ज्या नेसत त्या गिरणीचं घेत. गल्लीत एके काळी दारोदारी माग होता, तिथे सहा उरले. बायकोचा धाकटा भाऊ, म्हणजे माझा साळा, आमच्या शेजारीच राहायचा. त्यानं तर माग विकून सावनेरकडे कोळशाच्या खाणीत जायचं बोलायला सुरुवात केली होती.

अशात एके दिवशी गांधीबागेतला व्यापारी मुंबईच्या एका बाईंना घेऊन दारात आला. बाई घरांचे नकाशे काढणाऱ्या. वय तिशीचं, केस पोरासारखे कापलेले, पायात साधी चप्पल. मी खुर्ची पुसून दिली तर त्या खाली मागाच्या कडेला मांडी घालून बसल्या. समुद्रकाठी हॉटेल बांधतोय म्हणाल्या. तिथे असं काही आणायचं नाही की जे उद्या मातीत टाकलं तर माती होणार नाही. प्लॅस्टिक नाही, गिरणीचं कापड नाही, सिमेंट होईल तितकं कमी.

"आणि चादरी मला कोऱ्या हव्यात, काका," त्या म्हणाल्या. "जाड सुताच्या. धुवट नको, रंग अजिबात नको. सुतात गाठी असल्या तर असू द्या, मला आवडतात."

साळा दारात उभा राहून ऐकत होता. बाई गेल्यावर म्हणाला, "भाऊजी, तुमच्या बुढ्यानं तुमाले जिंदगीभर गाठ लपवाले शिकवलं. आता गाठ दाखवाचे दिवस आले!"

"तू आपल्या खाणीत जाय," मी म्हटलं.

"जातो ना. पण हे काम जमलं तं काहून जाऊ?"

तेच तर होतं. पहिल्या चार झोपड्यांच्या आठ चादरी मी विणून न्यायच्या. त्या पसंत पडल्या तर बाकीच्या सगळ्या झोपड्यांच्या चादरी, पडदे, जेवणाच्या टेबलावरचं कापड, सगळं आमच्या गल्लीतल्या सहा मागांवर होणार होतं. नाही पडल्या तर बाई दुसरीकडे बघणार. साळ्यानं माग विकायचं थांबवलं. संध्याकाळी चौकात माणसं मला विचारू लागली, झालं का, कुठवर आलं. मीही मोठ्या माणसासारखा मान हलवू लागलो.

आता आमच्या घरची रीत सांगितली पाहिजे. आमच्याकडे बिनकाठाचं कोरं कापड एकाच कामासाठी विणत. त्याचा एक तुकडा घरात घडी करून ठेवलेला असे आणि गल्लीत कोणी गेलं की तो दिला जाई. जिवंत माणसाच्या अंगाखाली किंवा अंगावर जे येणार, त्याला काठ पाहिजे, मग तो दोन तारांचा का असेना. दुसरी गोष्ट बायांची होती. विणलेला काठ सवाष्ण बाईनं कधी उसवायचा नाही. नवरा गेलेल्या बाईच्या लुगड्याचा रंगीत काठ काढायचा असला तर ते काम गल्लीतल्या म्हाताऱ्या विधवा करत. सवाष्ण तिथे नजरेसही पडत नसे. उसवला तर नवऱ्यावर येतं, असं माझी आई सांगायची आणि तिची सासूही तेच सांगायची.

म्हणून मी आठही चादरींना दोन्ही कडेला चार-चार तारा लाल सुताच्या घातल्या. बायको कांड्या भरत होती. लाल सूत पाहून तिनं चरखा थांबवला.

"बाई रंगाले नाही म्हणून गेली ना?"

"चार तारा हायेत. रंग म्हणतात का याले?"

"इचारून तं घ्या. पोरगा पत्र लिहून दीन."

"काय इचारू? लोकायले कफनावर झोपवू का, असं?"

चरखा पुन्हा फिरू लागला. मला वाटलं तिला पटलं.

बाईंचाच निरोप आला होता की काकूंनाही आणा, दोन दिवस राहा, समुद्र पाहा. बायकोनं समुद्र पाहिला नव्हता आणि मीही नव्हता, पण मी पाहिल्यासारखा बोलत होतो. तिथे पोचलो तेव्हा बाई स्वतः फाटकापर्यंत आल्या आणि आम्हाला पाहुण्यांच्याच एका झोपडीत उतरवलं. गड्यानं माझ्या डोक्यावरच्या गाठोड्याला हात घातला. त्याचा सदरा माझ्या सदऱ्यापेक्षा चांगला होता. मी गाठोडं सोडेना, तो ओढेना, असे आम्ही दोघं दारात उभे.

न्हाणीघराला छप्परच नव्हतं. चार भिंती, मातीचा रांजण, आणि वर आभाळ. अंघोळीचं पाणी एका नळीवाटे बाहेर केळींच्या बुडाशी जात होतं. बायको आत गेली आणि तशीच बाहेर आली.

"मी नाही करत आंघोळ."

"काहून?"

"वरून कावळा पाहून राहिला."

"कावळ्याले तुह्यात काय पाहाचं हाये वं?"

"मंग तुमीच करा."

मी केली. भर वाऱ्यात, आभाळाखाली, थंडगार पाण्यानं. मागून बायको हसत होती. त्या दिवशीचं तिचं हसणं तेवढंच.

जेवण केळीच्या पानावर आलं. माशाचा वास आम्हाला नवा. मी वरण-भातच घेतला आणि हात कुठे धुवायचा ते न कळल्यामुळे पानावरच धुतला. बाईंनी पाहिलं आणि त्यांनीही आपल्या पानावरच हात धुतला. मला ते तेव्हाच कळलं. उपकार कळल्यावर माणूस जसा खाली बघतो तसा मी खाली बघत राहिलो.

जेवणानंतर ओसरीवर चटई टाकून मी गाठोडं सोडलं. पहिली चादर झटकून पसरली. जाडसर, मऊ, कोऱ्या कापसाचा पिवळसर रंग. बाईंनी तळहात फिरवला. "किती सुंदर," म्हणाल्या. मग हात कडेला गेला आणि थांबला.

"काका, हा लाल?"

"काठ हाये, बाई."

"सगळ्यांना आहे?"

"सगळ्यायले."

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी मला समजावून सांगितलं. इथलं धुण्याचं पाणी त्याच नळीनं केळींना, तिथून विहिरीच्या झऱ्याकडे. म्हणून ठरवलंय की रंगाचा एक थेंब ह्या जागेत आणायचा नाही. साबणसुद्धा नाही, रिठ्यानं धुणार.

"चार तारायचा रंग जाऊन जाईन किती?" मी म्हटलं.

"आज चार तारा, काका. उद्या पडदेवाला म्हणेल, माझ्या दोनच. मी नाही कोणाकोणाला म्हणू?"

मग मी आमची रीत सांगितली. बिनकाठाचं कोरं कोणासाठी असतं ते सांगितलं. बाईंनी पूर्ण ऐकून घेतलं, मध्ये एकदाही तोडलं नाही. "मला माहीत नव्हतं," म्हणाल्या. "पण इथे येणाऱ्या माणसांनाही माहीत नसणार. त्यांना ते वाटणार नाही."

"मले वाटते ना."

"मग मी ह्या घेऊ शकत नाही, काका. परवा पहिले पाहुणे येतायत. मी आज मुंबईला माणूस पाठवते, खादीच्या दुकानातून साध्या चादरी आणेल. तुमचा जायचा-यायचा खर्च आणि मेहनत मी देईन. तुमचं नुकसान होऊ देणार नाही."

"मेहनत मले नाही पाह्यजे," मी म्हटलं आणि चादरीची घडी घालायला लागलो. मान ताठ होती. मला त्या वेळी फार बरं वाटत होतं, हे कबूल केलं पाहिजे. वडील असते तर त्यांनी हेच केलं असतं, असं मनात चाललं होतं. सहा माग आणि साळा डोक्यात आलेच नाहीत.

बाई गड्याला हाक मारायला गेल्या. मी दोरी शोधत होतो. मागे वळून पाहिलं तर बायको चटईवर बसली होती. मांडीवर चादर, पदर खोचलेला. चादरीच्या कोपऱ्यावर नखानं लाल तारेचं टोक उकलत होती.

"काय करून राहिली?"

टोक सापडलं. तिनं ते दोन बोटांत धरून हळूच ओढलं. कापड चुण्या घेत मागे सरकलं, तार सुळकन बाहेर आली, हातभर, मग तुटली. तिनं पुढचं टोक शोधलं.

मी खाली बसलो. आवाज दाबून म्हटलं, "सोड ते. तुले समजते का काय करून राहिली?"

"समजते."

"मंग?"

"सहा माग हायेत ना तिकडे," ती म्हणाली. वर न पाहता. "माहा भाऊ खाणीत जाईन. त्याले दमा हाये. तुमाले मालूम नाही का?"

मला माहीत होता. रोज सकाळी भिंतीपलीकडून त्याचा खोकला ऐकायचो मी.

माझ्यानं तिथून उठवेना आणि बसवेना. शेवटी मी दुसरी चादर ओढली. म्हटलं, दे, मी करतो. पुरुषानं उसवला तर काही येत नाही, रीत बायांची आहे. हे खरंतर आधीच सुचायला हवं होतं. मी कोपरा हातात घेतला तेवढ्यात तिनं माझ्या हातावर हात ठेवला.

"तुमी नका लावू हात. तुमचा काठ हाये. इथलं कोणी पाह्यलं तं काय म्हणन, आपलाच काठ आपणच काढून राहिला." आणि मग, "मी सुरू केलं, मीच संपवतो."

आणि मी हात मागे घेतला. तिनं एकदा सांगितलं आणि मी घेतला. आयुष्यात तिचं एवढं पटकन कधी ऐकलं नव्हतं. हात मागे घेताना मला सुटल्यासारखं वाटलं, आणि ते सुटल्यासारखं वाटणं मला अजून गिळता येत नाही. वडिलांच्या नावाची, घरच्या रीतीची सगळी भाषा माझी होती. तारा उपसत होती ती.

दुपार उलटून गेली. तिकडे समुद्र पुढे-मागे होत होता. ती आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या इतकी जवळ आली होती आणि तिची पाठ त्याच्याकडे होती. मांडीजवळ लाल सुताचा गोळा वाढत होता. मी फक्त पूर्ण झालेली चादर उचलायचो आणि नवी तिच्यापुढे ठेवायचो. एखाद्या लग्नात वाढप्याच्या मागे पोरगं भांडं धरून फिरतं, तसा.

तारा निघाल्यावर कडेला बाण्याच्या, म्हणजे आडव्या सुताचे नुसते फासे उरले, लहान-मोठे, झालर असावी तसे. मला ते पाहवेना. बाई परत आल्या, त्यांनी एक चादर उचलली, ती कड बोटांवर घेतली आणि त्यांचा चेहरा खुलला.

"हेच! अहो, हेच हवं होतं मला. काका, तुमचा हात म्हणजे—"

"हात तिचा हाये," मी म्हटलं.

बाई बायकोकडे वळल्या. रीत ऐकलेली होती त्यांनी, अर्धीच, बायांची गोष्ट मी सांगितली नव्हती. तरी त्यांना काहीतरी जाणवलं असावं. खाली बसल्या, म्हणाल्या, "काकू, तुम्हाला वाईट नाही ना वाटलं?"

"मले काय वाटते बाई," बायको म्हणाली. "पाणी देता का घोटभर?"

काम मिळालं. बाईंनी तिथल्या तिथे पुढच्या सगळ्या कापडाचं सांगितलं आणि मापं दिली. मी ती गाठी मारून दोरीवर घेतली. बायको लाल सुताचा गोळा पदरात बांधून समुद्राकडे गेली. परत आली तेव्हा पदर रिकामा होता. काय केलं त्याचं, मी विचारलं नाही. तिचं कपाळ मात्र ओलं होतं आणि कुंकू नवं लावलेलं होतं, रोजच्यापेक्षा मोठं.

परतीच्या गाडीत मला खिडकीची जागा मिळाली. डोळा लागला की ती खांदा हलवायची.

"झोपले का?"

"झोपलो होतो."

थोड्या वेळानं पुन्हा. "अवो."

"काय?"

"काही नाही. असंच."

तिसऱ्या-चौथ्या वेळी मी खेकसलो. "काहून उठवून राहिली वं घडीघडी? लोकं पाहून राहिले." समोरच्या बाकावरचा म्हातारा हसला. म्हणाला, "काकू, काका पळून नाही जात." बायकोही हसली थोडंसं, आणि तिचा हात माझ्या दंडावर होता तो तिनं काढला नाही. तेव्हा मला समजलं ती काय तपासत होती. उघड्यावरच्या अंघोळीनं मला थोडा खोकला झाला होता आणि प्रत्येक खोकल्याला ती माझ्याकडे बघत होती.

रीतीवरून मी बाईंशी भांडलो, पण मला त्या रीतीची भीती कधी वाटलीच नव्हती. मला तिचा अभिमान होता, आणि अभिमानाला झोप लागते. भीती सगळी बायकोची होती. ती घेऊनच तिनं पहिली तार ओढली होती.

आणि त्याच गाडीत, वर्ध्याच्या अलीकडे कुठेतरी, मला सुचलं. काठ लाल कशाला पाहिजे? कोऱ्याच सुताच्या दोन तारा एकत्र पिळून जाड काठ घालता येतो. रंग नाही आणि काठही आहे. बाईंना पुढे तेच दिलं, त्यांनी मुकाट्यानं घेतलं. इतकी साधी गोष्ट. मागावर बसून दोन घटका डोकं चालवलं असतं तर तिला ते करावं लागलं नसतं. पण माझं डोकं त्या वेळी बाईंना काय समजतं ह्याच्यावरच खर्च होत होतं. मी तिला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "बरं सुचलं." नुसतं तेवढंच. रागवायची तिला सवय नव्हती आणि मला माफी मागायची.

नागपुरात सहाही माग चालू झाले. साळा सकाळी खोकत खोकत मागावर बसायचा आणि दिवसभर गाणं म्हणायचा. गल्लीत पुन्हा खटखट ऐकू येऊ लागली. मला लोक मान देऊ लागले, चहा पाजू लागले. मी म्हणायचो, काम हिनं मिळवलं. ते हसायचे, त्यांना वाटायचं मी विनयानं बोलतोय, आणि माझ्याकडून असला विनय कोणी ऐकला नव्हता म्हणून जास्तच हसायचे.

पण घरात वेगळंच सुरू होतं. विणताना तार तुटली की माग थांबतो. वाकून तार जोडायची, मग पुढे. तेवढा वेळ खटखट बंद. ती बंद झाली की बायको स्वयंपाकघरातून दारात येऊन उभी राहायची. हात पिठाचे, पाण्याचे, कसलेही. मी वाकलेला दिसायचा, हलताना दिसायचा, की ती परत जायची. असं दिवसातून कितीदा तरी. भाकरी तव्यावर जळायची. सून म्हणायची, सासूबाई काय पाहता सारख्या? ती म्हणायची, काही नाही.

पहिले काही दिवस मी न दिसल्यासारखं केलं. मग एकदा ती उकळता चहा हातावर सांडून आली. त्या दिवशी तिनं दारात उभं राहून फोड आलेला हात पदराखाली लपवला आणि मी जिवंत आहे की नाही ते पाहिलं.

तेव्हापासून तार तुटली की मी वाकायच्या आधी ओरडतो. "तार तुटली वं, तार!" मोठ्यानं, स्वयंपाकघरापर्यंत जाईल असं. आतून भांड्याचा आवाज येतो, म्हणजे तिनं ऐकलं. मग मी वाकतो. भिंतीपलीकडून साळा हसतो. "भाऊजी, तुमची तार तुटली हे साऱ्या नागपूरले कळलं!" पोरं माझी नक्कल करतात. ज्या माणसाचं लुगडं बोट फिरवून ओळखत, तो आता आपल्या कापडातली तुटलेली तार गल्लीभर ओरडून सांगतो. मला लाज वाटते, रोज वाटते. तरी मी ओरडतो.